भिंग, कर्ज आणि दादासाहेब फाळके

यंदाच्या अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे सरांनी सांगितले तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी आपापली नावे तिथल्या तिथे ठरवून टाकली. मी फाळक्यांचे नाव घेतले, तेव्हा सरांनी माझ्याकडे जरा चकित होऊन पाहिले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सिनेमावाल्याशी काय कर्तव्य, असे त्यांना वाटले असावे. कर्तव्य आहे, आणि ते एका भिंगापायी आहे.

माझ्याजवळ मामेभावाने वापरून दिलेला एक कॅमेरा आहे. त्याच्यासोबत मिळते ते नेहमीचे १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग. सुट्टीत आणि लग्नसराईत जोयडा, कुंभारवाडा, जगलबेटच्या बाजूला मी माणसांचे फोटो काढतो. थोडेफार पैसेही मिळतात. पण आपल्या तालुक्यातली घरे वाचकांना ठाऊक आहेतच. कौलारू छप्पर, पुढे उतरती पडवी, भोवती झाडी, आणि जून लागला की चार महिने सूर्यदर्शन दुर्मीळ. गेल्या श्रावणात शेजारच्या आजींचा फोटो काढायला मला बोलावले. त्या आजारी होत्या, चुलीजवळ बसल्या होत्या, आणि तिथून उठायला तयार नव्हत्या. मी वीसेक फोटो काढले, पण सगळेच हललेले आले. माझे भिंग ५५ वर नेले की त्याचे तोंड ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. उजेड कमी, म्हणून पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागला, आणि तेवढ्यात म्हातारीची मान थरथरली. पंधरा दिवसांनी आजी गेल्या. आज त्यांच्या भिंतीवर हार घातलेला जो फोटो आहे, तो आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला आहे. त्या घरात गेलो की मी त्या भिंतीकडे पाहत नाही.

तेव्हापासून ८५ मिलिमीटरच्या, १.८ तोंडाच्या भिंगाने माझ्या मनात घर केले. असे भिंग माझ्या भिंगापेक्षा नऊदहा पट उजेड आत घेते. शिवाय माणसापासून चार पावले दूर उभे राहून चेहरा टिपता येतो, त्यामुळे नाक फुगलेले आणि कान मागे गेलेले असे काही होत नाही. पण त्याची किंमत म्हणजे आमच्या घरचा चारपाच महिन्यांचा खर्च. हप्त्याने मिळते. आई म्हणाली, माझी पाटली आहे. बाबा काहीच बोलले नाहीत. अशा मनःस्थितीत मी ग्रंथालयातून फाळक्यांचे चरित्र आणले. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र एवढेच पाहायचे होते की, या माणसाने आयुष्यात यंत्रे किती वेळा घेतली, पैसे कुठून आणले, आणि ते कोणी फेडले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले आणि तेथील कलाभवनात त्यांनी चित्रकला, शिल्प, वास्तुकला असे जे मिळेल ते शिकून घेतले. १८९० च्या सुमारास त्यांनी पहिला कॅमेरा घेतला. म्हणजे त्या वेळी ते माझ्याच वयाचे होते. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांना या मुलाचा हात ओळखता आला. त्यांनी त्याला ठसे बनवण्याची आणि छपाईची विद्या शिकायला रतलामला पाठवले व परत आल्यावर कलाभवनाची अंधारखोली त्याच्यासाठी मोकळी केली. हा भाग चरित्रकार दोन ओळींत संपवतात, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. पुढे मोठमोठी कर्जे काढणाऱ्या या माणसाने पहिली काही वर्षे दुसऱ्याच्या सामानावर हात बसवला होता.

१८९५ मध्ये फाळक्यांनी फोटोग्राफीचा धंदा करण्यासाठी गोध्रा गाठले. त्या काळी स्टुडिओ थाटायचा म्हणजे काय करावे लागे, ते आज आपल्याला नीट कळत नाही. विजेचे दिवे नव्हते. उजेड वरून आणि एका बाजूने यावा म्हणून काचेची खोली हवी किंवा निदान मोठी उघडी खिडकी हवी. ऊन सौम्य करायला पांढरे पडदे हवेत. फिल्मऐवजी काचा असत. माणसाच्या चेहऱ्यासाठी वेगळे भिंग लागते हे तेव्हाही जुनेच ज्ञान होते. व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक पेट्झवाल यांनी १८४० मध्ये खास व्यक्तिचित्रांसाठी भिंग आखले होते. त्याचे तोंड ३.६ इतके मोठे असल्यामुळे गिऱ्हाइकाला मिनिटे मिनिटे श्वास रोखून बसण्याची गरज राहिली नाही. म्हणजे जो प्रश्न माझ्यापुढे चुलीजवळ उभा राहिला, तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कोणीतरी कागदावर सोडवून ठेवला होता. त्याचे उत्तर विकत घेण्याइतके पैसे तेवढे माझ्याजवळ नव्हते!

गोध्र्यात फाळक्यांचा जम बसला असता किंवा नसता, पण १९०० च्या सुमारास प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल नेले. ते बडोद्याला परतले. तिथे पुन्हा फोटोचे दुकान घातले, तर वेगळेच संकट. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो, अशी समजूत गावात पसरली होती आणि त्यामुळे गिऱ्हाईक येईना, असे सांगतात. यावर हसण्यात अर्थ नाही. आमच्याकडेही मांडीवरच्या पोराचा फोटो काढू न देणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. ज्याने नुकतीच बायको आणि मूल गमावले, त्याच्याच यंत्राला लोकांनी मरणाचे कारण म्हणावे, याचे मात्र मला फार वाईट वाटले.

यानंतरची दहा वर्षे मी भराभर सांगतो. फाळक्यांनी नाटकाचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली आणि आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे खेळ केले. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा, सासरचे सरस्वती. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारे म्हणून नोकरी धरली, आणि ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांची देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचवणाऱ्या छापखान्याचे काम तिथे होई. मग भागीदार बदलले, जागा बदलली, दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभे राहिले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीला जाऊन आले. छपाई उत्तम, नाव मोठे, आणि तरीही भागीदारांशी बिनसले म्हणून हात हलवत बाहेर पडणे आलेच. आम्हाला पहिल्या वर्षी भागीदारीचा करार शिकवतात. मतभेद झाल्यास कोणी काय घेऊन बाहेर पडावे, हे आधीच लिहून ठेवावे, असे एक कलम त्यात असते. फाळक्यांचे चरित्र वाचताना मला त्या कलमाची वारंवार आठवण झाली.

१९११ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, गिरगावात तंबूतल्या सिनेमात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचे चलच्चित्र पाहिले. पडद्यावर येशू, आणि त्यांच्या मनात राम आणि कृष्ण. ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्या पुढचे वर्ष तितके सर्वश्रुत नाही, आणि माझ्या दृष्टीने सबंध चरित्रात ते सर्वांत भारी आहे. फाळक्यांनी लगेच मोठा कॅमेरा घेतला नाही. त्यांनी एक लहानसे यंत्र आणि काही रिळे आणली, आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून ती चित्रे भिंतीवर पाडून पाहू लागले. दिवसा जिथे मिळेल तिथे सिनेमा पाहायचा आणि रात्री मेणबत्ती. झोप नाही, कमाई नाही. शेवटी डोळे गेले. काही काळ त्यांना जवळजवळ दिसेनासे झाले होते. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली, तेव्हा ते पुन्हा त्याच कामाला लागले. मेणबत्ती आणि खेळण्यासारखे यंत्र यांच्यातून जेवढे शिकता येते तेवढे शिकून झाल्यावरच त्यांनी कर्जाला हात घातला, असे मला हे वाचून वाटले. घरातल्या माणसांना त्या वर्षी काय वाटत असेल, ते मात्र वेगळे.

विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी सुमारे दहा हजार रुपये उभे केले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी बोटीने निघाले ते लंडनला. तिथे त्यांची कोणाशीही ओळख नव्हती. बायोस्कोप नावाच्या ज्या साप्ताहिकाचे ते मुंबईत वर्गणीदार होते, त्याची पाटी दिसताच ते सरळ संपादकांना जाऊन भेटले. संपादकांनी आधी त्यांना या फंदात पडू नका असेच सुचवले, आणि मग हेपवर्थ या नामांकित चित्रपट निर्मात्याची ओळख करून दिली. हेपवर्थच्या स्टुडिओत फाळक्यांनी कामाची रीत पाहिली आणि ५० पौंडांना विल्यम्सन कॅमेरा घेतला. कोऱ्या फिल्मची आणि तिला भोके पाडणाऱ्या यंत्राची मागणी नोंदवली. १ एप्रिल १९१२ ला ते मुंबईत परत आले. दोन महिन्यांत जाणे, शिकणे, खरेदी आणि येणे! आमच्याकडे रामनगरहून बेळगावला जाऊन मेमरी कार्ड बदलून आणायला दोन आठवडे लागतात.

विल्यम्सन कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढे भिंग आणि बाजूला हाताने फिरवायचा दांडा. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. हात चुकला की पडद्यावरचा माणूस धावू लागतो नाहीतर रेंगाळतो. विजेचे दिवे नाहीत, त्यामुळे सगळे काम उन्हात. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग काळा दिसे, म्हणून तांबडे लुगडे, ओठ, कुंकू या सगळ्यांचा आधी विचार करावा लागे. आणि मुख्य म्हणजे फिल्म कोरी येत असे. तिच्या कडांना भोके नसत. ती घरी पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया.

हे काम सरस्वतीबाई करीत. दिवसभर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक आटोपून रात्री अंधाऱ्या खोलीत त्या यंत्रावर बसत. मी सवयीने हिशेब केला. फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना चार चार भोके. राजा हरिश्चंद्राची लांबी सुमारे ३,७०० फूट. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या तेवढ्याच पट्टीला ४,७३,६०० भोके. वाया गेलेली फिल्म आणि पडद्यासाठी काढलेल्या प्रती निराळ्या. ताळेबंदात यंत्राची किंमत लिहायला रकाना असतो, या जागरणाला नाही. चित्रपटासाठी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. हे वाचले त्या रात्री मला आईची पाटली आठवली आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

कॅमेरा आला म्हणून फाळके लगेच हरिश्चंद्राकडे वळले नाहीत. आधी त्यांनी घरातल्या मुलांची चित्रे घेतली. मग कुंडीत एक वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा रोवून दिवसांमागून दिवस एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर ते रोप पाहता पाहता मातीतून वर येते, पाने काढते, वाढते. ज्यांच्याकडून पैसा हवा होता त्यांना हे चित्र दाखवले, आणि कर्ज देणारे पुढे आले. आजकाल बँकेत कर्जाच्या अर्जासोबत प्रकल्प अहवाल जोडावा लागतो. फाळक्यांनी अहवालाच्या जागी वाटाण्याचे रोप ठेवले, एवढाच काय तो फरक.

पुढचा इतिहास पाठ्यपुस्तकात आहे. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. स्त्री मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. त्र्यंबकचे बालमित्र तेलंग यांना त्यांनी कॅमेरा चालवायला शिकवले होते. साडेसहा-सात महिने काम चालले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात चित्रपट लागला आणि चालला. कारखाना नाशिकला गेला. १९१४ मध्ये आपली चित्रे घेऊन ते पुन्हा लंडनला गेले, तिथे वाखाणणी झाली, आणि तेवढ्यात महायुद्ध पेटले. फिल्म महाग, भांडवलदार गप्प. १९१७ च्या ‘लंकादहन’ने पुन्हा दिवस पालटले. त्यात अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली होती!

१९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. भांडवल भागीदारांचे, काम फाळक्यांचे. पैशाची चिंता मिटली, आणि पुढच्याच वर्षी ‘कालियामर्दन’ आला. या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने शिल्लक आहे. मी तो कॉलेजच्या संगणकावर दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा सुरुवातीवरच अडकलो. कृष्णाचे काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केले आहे. ती तेव्हा जेमतेम सात वर्षांची. गोष्ट सुरू होण्यापूर्वी फाळके आपल्याला तिचा नुसता चेहरा दाखवतात. ती हसते, रागावते, घाबरते, रडवेली होते. मागे देखावा नाही, दागदागिने नाहीत, एक मूल आणि त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड. मग हळूहळू त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. गोध्र्यात आणि बडोद्यात या माणसाचा माणसांचे चेहरे टिपण्याचा धंदा बुडाला होता. तिथे मूल गमावल्याला एकोणीस वर्षे झाली होती. त्याने पडद्यावर पहिल्यांदा स्वस्थपणे एखादे व्यक्तिचित्र काढले ते आपल्याच मुलीचे. हा संबंध मी जोडतो आहे, फाळक्यांनी जोडला होता असे माझे म्हणणे नाही. पण ते दृश्य पाहिल्यावर चेहऱ्यामागचे सगळे धूसर करून टाकणारे महागडे भिंग मला थोडे कमी महाग वाटू लागले, की मीच थोडा कमी उतावळा झालो, कोण जाणे.

भागीदारांशी याही वेळी फार काळ जमले नाही. ते कंपनी सोडून काशीला गेले, ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले, आणि काही वर्षांनी परत आले. एकूण नव्वदहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. पण १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला आणि मूक चित्रपटाचे सगळे सामान एका दिवसात जुने झाले. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. आमच्या हिशेबशास्त्रात घसारा निराळा आणि यंत्र कालबाह्य होणे निराळे. घसाऱ्यासाठी दरवर्षी काही बाजूला टाकता येते, पण दुसरे संकट सांगून येत नाही. आज आरशाच्या कॅमेऱ्यांचे तेच होत आहे. कंपन्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आणि भिंग बसवण्याचे खाचे बदलले. एक गोष्ट बरी की जुने भिंग जोडपट्टी लावून नव्या कॅमेऱ्यावर चालते. म्हणून जाणकार आधी भिंग घ्या, कॅमेरा मागाहून बदला, असे सांगतात.

फाळक्यांचा शेवटचा चित्रपट ‘गंगावतरण’ १९३७ चा, कोल्हापूरच्या कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला, आणि एकमेव बोलपट म्हणून तयार झालेला. कन्नड विभागातल्या मित्रांसाठी एक गोष्ट सांगतो. कन्नडचा पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ (१९३४) याचेही चित्रण कोल्हापुरातच झाले होते. त्यानंतर फाळक्यांना काम मिळाले नाही. ज्या धंद्यात एव्हाना कोट्यवधींची उलाढाल होऊ लागली होती, त्याचा आरंभ करणारा माणूस नाशिकला विपन्नावस्थेत राहिला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी वारला. त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारने १९६९ मध्ये सुरू केला, आणि १९७१ मध्ये तिकीट काढले.

चरित्र परत करायला गेलो तेव्हा वहीत मी दोन रकाने आखले होते. एकात त्यांनी काय काय घेतले, दुसऱ्यात ते कशावर घेतले. दुसऱ्या रकान्यात पॉलिसी होती, दागिने होते, डोळे होते. आईला पाटली ठेवून दे म्हणून सांगितले आहे. ८५ चे भिंग लांबणीवर टाकले. त्याऐवजी ५० मिलिमीटरचे, १.८ चे, वापरलेले भिंग पाहतो आहे. माझ्या कॅमेऱ्याचा आतला चौकोन लहान असल्यामुळे त्याच्यावर ५० चे भिंगसुद्धा जवळजवळ ८० सारखेच काम देते. लग्नसराईतले पैसे जमले की तेवढे जमेल. बाबांनी हिशेब दोनदा तपासला आणि एका ठिकाणी माझी बेरीज चुकलेली दाखवली.

सुपे गाव धरणात गेले, त्याचा एकही फोटो आमच्या घरी नाही. त्या गावात वाढलेली शेजारची माणसे आता थोडीच उरली आहेत. गेल्या रविवारी पाऊस जरा उघडला होता. ज्या आजींचा फोटो मला काढता आला नाही, त्यांच्या घरी गेलो आणि आजोबांना पडवीत, अंगणाकडे तोंड करून बसवले. कॅमेरा खुर्चीच्या पाठीवर टेकवला. जुन्याच भिंगाने आठ फोटो काढले, त्यांतले दोन नितळ आले. एकात ते माझ्याकडे न पाहता आत, भिंतीकडे पाहत आहेत. त्यांनी मोठी प्रत काढायला तोच निवडला.